ताग निर्यात : भारत व बांगलादेश

गंगा–ब्रह्मपुत्रा त्रिभुज प्रदेशातील तागाचा (पहा : ताग) या दोन शेजारी देशांतून होणारा परदेशी व्यापार. हुगळीकाठी रिश्रा येथे १८५५ मध्ये पहिली गिरणी निघाली. १९४७ च्या फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या, उत्तम तागाची बहुतेक जमीन मात्र पूर्व बंगालमध्ये गेली. तेथे नारायणगंजची आदमजी गिरणी १९५१ मध्ये सुरू होऊन २००२ मध्ये बंद पडली. उत्पादनात भारत पुढे. परंतु १९८७ च्या सक्तीच्या ताग-वेष्टन कायद्यामुळे त्याचा बहुतांश माल धान्य-साखरेच्या पोत्यांसाठी (पहा : गोणपाट) देशातच खपतो. कच्च्या तागाच्या निर्यातीत बांगलादेश अग्रेसर असून त्याचे सूत तुर्कस्तानातील गालिचा उद्योगाकडे जाते. बांगलादेशी ताग-मालावर भारताने २०१७ मध्ये डंपिंगविरोधी शुल्क लावले.