नेटवर्क बूट

संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या डिस्कवरून न घेता नेटवर्कवरील सर्व्हरकडून आणण्याची पद्धत. स्वतःच्या डिस्कवरून सुरू होणे म्हणजे लोकल बूट. दोहोंतील निवड पूर्वी डिस्कच्या किमतीवर ठरे. आता ती यंत्रांची देखभाल कुठून करायची यावर ठरते.

इतिहास : १९८० च्या दशकात हार्ड डिस्क महाग होती. सन मायक्रोसिस्टिम्सची अनेक वर्कस्टेशने डिस्कशिवायच चालत. त्यांच्या फाइली एनएफएस या नेटवर्क फाइल प्रणालीमार्फत सर्व्हरवर असत. अडचण पहिल्या क्षणाची होती. नुकत्याच चालू झालेल्या यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता ठाऊक नसतो, सर्व्हर कोणता हेही माहीत नसते. जवळ असतो तो नेटवर्क कार्डातला मॅक पत्ता. १९८४ चा आरएआरपी हा प्रोटोकॉल त्यावरून आयपी पत्ता मिळवून देई, पण तेवढाच. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी आरएफसी ९५१ या इंटरनेट दस्तऐवजात बूटपी हा प्रोटोकॉल मांडला. यंत्र साऱ्या नेटवर्कला उद्देशून विचारणा करते आणि एकाच उत्तरात पत्ता, सर्व्हर व बूट फाइलचे नाव मिळते. पुढचा डीएचसीपी याच पायावर उभा आहे. पोर्टसुद्धा तेच, ६७ आणि ६८. घरातला राउटर मोबाइलला पत्ता देतो, तेव्हा हीच रचना काम करत असते.

इंटेलने पीएक्सई या प्रमाणाच्या रूपाने नेटवर्क बूटची सोय साध्या पीसीत आणली, तिची २.१ आवृत्ती १९९९ ची.

वेग : बूट फाइल उतरवण्याचे काम टीएफटीपी हा साधा प्रोटोकॉल करतो. तो कार्डाच्या चिमुकल्या रॉममध्ये मावतो, हे त्याचे मोठेपण आणि तीच त्याची मर्यादा. मूळ नियमानुसार तो ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो आणि पोच मिळेपर्यंत थांबतो. ५० एमबीच्या फाइलचे असे सुमारे १ लाख तुकडे होतात. प्रत्येक फेरीला एक मिलिसेकंद धरला, तरी दीड मिनिटाहून अधिक वेळ जातो. एसएसडीला तेवढ्यासाठी एक सेकंदही लागत नाही. तुकडा मोठा करण्याची सोय १९९८ मध्ये आरएफसी २३४८ ने प्रमाणित केली, तर आयपीएक्सई हे मुक्त सॉफ्टवेअर थेट एचटीटीपीने फाइल आणू शकते.

सुरक्षितता : टीएफटीपीत पासवर्ड नाही, म्हणून फाइलची डिजिटल सही तपासणे अगत्याचे.

निवड : एकट्या लॅपटॉपला लोकल बूटच योग्य. प्रयोगशाळा, क्लस्टर किंवा डेटा सेंटरमध्ये मात्र सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिमची एकच प्रतिमा सुधारली की पुढच्या बूटला सगळी यंत्रे सुधारतात, आणि हा लाभ वेगापेक्षा मोलाचा आहे. उलट, वीज येताच सगळी यंत्रे एकदम सुरू झाली, की सारा भार एका सर्व्हरवर पडतो.

जाणते प्रशासक बहुधा दोन्ही ठेवतात. फर्मवेअरच्या क्रमात नेटवर्क आधी, डिस्क नंतर. पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर मॅक पत्त्याच्या नावाची सेटिंग फाइल शोधतो. नव्या यंत्राच्या फाइलीत इन्स्टॉलर असतो, जुन्याच्या फाइलीत डिस्ककडे परत पाठवणारी ‘लोकलबूट’ ही आज्ञा. सर्व्हर बंद असला, तर फर्मवेअर थोडी वाट पाहून क्रमातल्या पुढच्या साधनाकडे वळते.