मुलांचे सर्पदंश-सुरक्षा शिक्षण

मुलांचे सर्पदंश-सुरक्षा शिक्षण म्हणजे विषारी साप ओळखणे, त्यांच्यापासून अंतर राखणे आणि दंशाचा संशय येताच मोठ्या माणसांना सांगणे या गोष्टी बालवयात शिकविणे होय. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडलेला आहे. त्यांतील एक चतुर्थांशाहून अधिक मृत्यू १५ वर्षांखालील मुलांचे होते. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात, राहत्या घरी झाले आणि सुमारे निम्मे पावसाळ्यात झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाच्या विषबाधेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला.

सापांची ओळख

महाराष्ट्रात मुलांना प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची ओळख करून दिली जाते. भारतात वापरले जाणारे बहुगुणी प्रतिविष (सर्पविषावरील लस) याच चार सापांच्या विषांवर तयार केलेले असते.

पाठ्यपुस्तकांतील व भिंतीवरील चित्रांत नाग बहुधा फणा काढलेला दाखवितात. सरपणाच्या ढिगात किंवा उंदराच्या बिळात निवांत असलेला नाग मात्र फणा काढत नाही. त्यामुळे केवळ चित्रावरून शिकलेले मूल त्याला धामण समजू शकते. फण्यावरचा दहाचा आकडाही प्रत्येक नागावर स्पष्ट असतोच असे नाही. घोणस अंगावरील साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगांवरून आणि कुकरच्या शिट्टीसारख्या दीर्घ फूत्कारावरून ओळखता येतो, परंतु त्याची गल्लत अजगराच्या पिलाशी किंवा डुरक्या घोणस या बिनविषारी सापाशी होते. कोकणात विपुल आढळणारे फुरसे आकाराने लहान असते व दगडाखाली बसते. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते खरखर आवाज करते.

या साधर्म्यामुळे ओळख शिकविण्याचा हेतू मर्यादित ठेवावा लागतो. साप विषारी आहे की नाही हे ठरविणे मुलाचे काम नव्हे. दिसलेल्या प्रत्येक सापापासून दूर होणे आणि मोठ्यांना हाक मारणे एवढेच त्याने करावयाचे असते. सापाची पिलेही जन्मतःच विषारी असतात आणि मेलेल्या सापाचे तोंडही काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते, हे मुलांना स्वतंत्रपणे सांगावे लागते, कारण लहान किंवा निपचित पडलेला साप काठीने ढोसण्याचा मोह त्यांना अधिक होतो.

मण्यारीचा दंश

मण्यार निशाचर असून भक्ष्य शोधत घरात शिरते व जमिनीवर झोपलेल्या माणसांच्या अंथरुणात येते. तिचे दात बारीक असल्याने दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही आणि अनेकदा खूणही दिसत नाही. झोपलेले मूल जागे होतेच असे नाही. पहाटे ते पोट दुखत असल्याचे सांगते, पुढे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. पोटदुखीवर घरगुती उपाय करण्यात गेलेला वेळ अशा वेळी जिवावर बेततो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे अकारण पोटदुखी झाली व डोळे उघडेनात, तर सर्पदंशाची शंका घ्यावी, हा धडा मुलांइतकाच पालकांसाठी असतो. काळ्या-निळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेल्या मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी आहे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात, तर मण्यारीचे शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात. अंधाऱ्या खोलीत हा भेद मोठ्यांनाही जमत नाही.

खाटेवर झोपणे व मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे हा यावरचा साधा उपाय आहे. रात्री बाहेर जाताना बॅटरी नेणे, चपला-बूट झटकून घालणे आणि गोवऱ्या, सरपण वा दगडांच्या फटीत हात न घालणे या सवयीही लावल्या जातात.

दंश झाल्यावर

मूल शेतात किंवा ओढ्यावर न विचारता गेले असेल, तर ओरडा बसेल या भीतीने ते दंश लपविते. त्यामुळे घडलेले सांगितल्यास रागावणार नाही, ही हमी शिक्षणाचा भाग मानली जाते. दंश झालेल्या मुलाला पळू वा चालू न देता उचलून न्यावे, तो अवयव हलवू नये, कडी-बांगड्या काढाव्यात. घट्ट आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे किंवा मांत्रिकाकडे नेणे घातक ठरते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मुलाचे शरीर लहान असले तरी साप त्यासाठी कमी विष टोचत नाही. म्हणून प्रतिविषाची मात्रा मुलांनाही प्रौढांइतकीच दिली जाते.

प्रथा आणि प्रात्यक्षिके

साप दूध पितो, डूख धरतो, धामण गाईचे दूध पिते अशा समजुती मुले घरातूनच ऐकतात. त्या खोडताना सापाची भीती नाहीशी होणार नाही याचेही भान ठेवावे लागते. उघड्या हाताने साप हाताळणाऱ्या सर्पमित्रांची शाळांतील प्रात्यक्षिके याच कारणाने वादग्रस्त ठरली आहेत: शब्दांनी अंतर राखण्यास सांगितले जाते आणि डोळ्यांना नेमके उलट दिसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग संरक्षित असून परवानगीशिवाय त्याला पकडणे गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व मिरवणूक होत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ मधील आदेशानंतर नाग पकडणे व त्यांची मिरवणूक काढणे यांस मनाई झाली.