ग्रहणाची वाट

तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टईच्या रस्त्याने निघाले, की सुमारे २४ किलोमीटरांवर ओरत्तनाडु लागते. भातखाचरांच्या त्या मुलुखात सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेली धर्मशाळा उभी आहे. तिकडे तिला ‘छत्र’ म्हणतात. गावालाही त्यावरून मुक्तांबाळपुरम् असे दुसरे नाव पडले. सेतुबंध रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठी राजांनी अशी अनेक छत्रे उभारली होती. १७९९ साली राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहिले. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्याला छत्रात अन्न मिळते, तो आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा होते. हा धर्म मोडू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

ग्रहणाच्या गोष्टीत हे छत्र कशाला, असे कोणी विचारील. परंतु ग्रहणासाठी प्रवास करणे ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. पंचांगात पर्वकाळ पाहावा, शिदोरी बांधावी आणि ग्रहणाच्या स्नानासाठी सेतू गाठावा, असा तो परिपाठ. त्या वाटेवर छत्राचा आधार केवढा वाटत असेल!

पुढे त्याच प्रदेशात निराळे यात्रेकरू आले. १२ डिसेंबर १८७१ च्या सकाळी खग्रास ग्रहणाची छाया मलबारच्या किनाऱ्यावरून निलगिरी ओलांडून लंकेकडे गेली. ओरत्तनाडूच्या नैर्ऋत्येस सुमारे ५५ किलोमीटरांवर असलेल्या पुदुक्कोट्टईस इटलीचा रेस्पिगी दुर्बीण रोखून बसला होता. निलगिरीत शोलूर येथे फ्रान्सचा जान्सेन होता. सूर्याभोवती दिसणारे प्रभामंडल सूर्याचेच, की पृथ्वीच्या हवेतील केवळ आभास, हा तेव्हाचा वाद होता. ते सूर्याचेच आहे, असा कौल या वेधांनी दिला. निर्णय व्हायला वेळ किती? जेमतेम दोन मिनिटे!

तेवढ्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो, कारण चंद्राची गडद छाया पृथ्वीवर अरुंद पट्ट्यातूनच धावते. एका ठिकाणी खग्रास ग्रहण पुन्हा दिसायला सरासरीने सुमारे पावणेचारशे वर्षे लागतात. ग्रहण आपल्या दारी येत नाही. आपणच त्याच्या वाटेवर जाऊन उभे राहावे लागते.

२२ जानेवारी १८९८ रोजी मात्र ही वाट महाराष्ट्रातूनच गेली. विजयदुर्गाच्या जुन्या किल्ल्याजवळ लॉकियरने तळ दिला आणि आरमारातील खलाशांना उपकरणांवर उभे केले. वऱ्हाडात तळणी येथे मॉंडर पतिपत्नी आली. बाईंनी आपल्या लहानशा कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक लांबच लांब किरण टिपला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला अमेरिकेहून कॅम्बेल आला, आणि तेथेच पुण्याच्या महाराज तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली उपकरणे मांडली. परक्यांच्या मेळ्यात आपला एक माणूस केवळ प्रेक्षक म्हणून नव्हे, तर वेधकर्ता म्हणून उभा होता, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

कारण पुढेही आपण पुष्कळदा डोळे मिटूनच घेतले. १६ फेब्रुवारी १९८० रोजी छाया कारवार-अंकोल्यावरून गेली, तेव्हा देशात ठिकठिकाणी दारे बंद होऊन भर दुपारी रस्ते ओस पडले. २२ जुलै २००९ रोजी मी सुरतेस गेलो होतो. आषाढाचे ढग हटले नाहीत. सूर्य दिसला नाही. पण उजाडलेले आभाळ सव्वासहाच्या पुढे पाहता पाहता काळवंडले आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ नकळत हात जोडून उभे राहिले. तीन मिनिटांनी पुन्हा उजाडले. हुकलेल्या दर्शनाची रुखरुख मात्र अजून गेलेली नाही.

आता खग्रास छाया भारतात येईल ती २० मार्च २०३४ रोजी, लडाखच्या बाजूस. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेन. तरी जाण्याचा निश्चय आहे. सेतूला निघालेला यात्रेकरू आणि पुदुक्कोट्टईचा रेस्पिगी, दोघांनीही वेळ गणितावरून ठरवली आणि घर सोडले. एकाने पाण्यात मान लवविली, दुसऱ्याने आकाशाकडे मान उचलली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधू नयेत, असे थोडेच आहे? त्या उंच, थंड मुलुखात जाणाऱ्या गरीब विद्यार्थ्यासाठी तेवढे एखादे छत्र कोणी घातले, तर सरफोजी राजांचे मागणे पुरे झाले असे मी समजेन.