दुरुस्ती आणि फेरफार : लोह्यातल्या एका मोटारीचा हिशेब

आमच्या घरी लाल कापडी बांधणीची एक चोपडी आहे. लोह्याच्या मोंढ्यात वडिलांची अडत होती. कुळांची, हमालांची, वखारीची खाती ते जशी ठेवत, तसेच या चोपडीत त्यांनी 'मोटार खाते' ठेवले. १९७८ साली त्यांनी जुनी अँबॅसेडर घेतली आणि १९९७ पर्यंत वापरली. या एकोणीस वर्षांत गाडीचे काय बिघडले, काय बसवले, काय काढून टाकले, ते तारखेनिशी लिहिलेले आहे. अलीकडे ही चोपडी मी इतिहासाचे साधन म्हणून वाचायला घेतली, तेव्हा दोन गोष्टी नजरेत भरल्या. एक, सुट्या भागांची किंमत पैशांपर्यंत लिहिलेली आहे, पण मजुरीचा रकाना बहुतेक पानांवर रिकामा आहे. काम घरच्या अंगणात, घरच्याच हातांनी झालेले होते. दुसरी, प्लग साफ करणे आणि अख्खे इंजिन बदलणे या दोन्ही नोंदी एकाच सदरात आहेत. दुरुस्ती वेगळी आणि फेरफार वेगळा, असे वडिलांनी कुठेच मानलेले नाही.

मोंढ्यातल्या अडत्याने हात काळे करून इंजिन का उघडावे? हौस म्हणून, किंवा काटकसर म्हणून, असे उत्तर सहज सुचते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या रिकाम्या रकान्यामागे देशाचे धोरण, मराठवाड्याची शेती आणि मोटार कायदा अशा तीन गोष्टी उभ्या आहेत.

टंचाईची शाळा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत लोहा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. प्रवासी मोटारीची व्यवस्था संस्थानाने लवकर हाती घेतली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. खासगी मोटार मात्र जहागीरदार, बडे अधिकारी आणि शहरातले वकील यांच्यापुरतीच राहिली. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या, आणि मोटार प्रथमच सामान्य सधन माणसाच्या आवाक्यात आली. पण ती आली जुनी होऊन.

याच सुमारास देशात मोटार बनू लागली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ ची आणि वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९४९ मध्ये तयार मोटारींची आयात सरकारने बंद केली. ज्यांच्याजवळ इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी जुळणीचे काम आवरावे, असे १९५३ मध्ये ठरले. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. फोर्डनेही गाशा गुंडाळला. मागे उरल्या मोजक्या कंपन्या, त्यांची मोजकी मॉडेले आणि वर्षानुवर्षे हलत नसलेली प्रतीक्षायादी.

या टंचाईचे तोटे पुष्कळांनी लिहिले आहेत. तिची दुसरी बाजू फारशी कुणी मांडलेली नाही. अँबॅसेडर १९५७ मध्ये आली आणि २०१४ मध्ये थांबली. फियाटचे, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचे, मूळ घडण १९६० च्या दशकातले, आणि तिचे उत्पादन शतक संपेपर्यंत चालले. गाडी बदलत नव्हती, म्हणून गाडीबद्दलचे ज्ञान शिळे होत नव्हते. १९६५ मध्ये एखाद्याने शिकलेली गोष्ट १९९० मध्ये त्याच्या पुतण्याच्या कामी येई. ज्या धोरणाने ग्राहकाला ताटकळत ठेवले, त्यानेच मालकाला शहाणे केले.

विहिरीवरचे इंजिन

पण शिकवले कोणी? लोह्यात मोटारीचे शिक्षण मोटारीपासून सुरू झाले नाही. ते विहिरीवर सुरू झाले. वीज पोहोचण्याआधी पाणी उपसायला ऑइल इंजिन असे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये निघाली, आणि तिच्यासारख्या कारखान्यांची इंजिने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शेतोशेती दिसू लागली. उन्हाळ्यात उसाला पाणी द्यायचे असताना इंजिन बंद पडले, तर नांदेडहून माणूस येण्याची वाट पाहता येत नसे. नोझल काढून फुंकणे, पाइपात शिरलेली हवा काढणे, पट्टा जोडणे हे शेतकऱ्याला स्वतःच शिकावे लागले. तोच शेतकरी पुढे जीप घेई, तेव्हा बोनेटखाली त्याला ओळखीचाच प्राणी दिसे.

प्राणी हा शब्द मी सहज वापरलेला नाही. हा लाल कंधारी गाई-बैलांचा मुलूख आहे. लोह्याजवळच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्यांपासून उंटांपर्यंत जनावरांचा मोठा बाजार होतो. दात मोजून आणि चाल पाहून जनावर पारखणारी माणसे जुनी गाडीही तशीच पारखत. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून धुराचा रंग आणि वास पाहत, चढावर गाडी घालून कान देत.

घरगुती दुरुस्तीत नेमकेपणाही कमी नव्हता. अँबॅसेडरच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट सुमारे १५ थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश ठेवावी लागते. कमी झाली तर पॉइंट जळतात, जास्त झाली तर ठिणगी मंदावते. ती मोजायला फिलर गेज लागते. ते नसले की वडील दाढीच्या चार पात्या एकावर एक ठेवत. एक पाते मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके जाड. चार पात्यांचे झाले ०.४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १६ थाऊ. लेथवाल्यालाही हे माप मान्य होई.

वैशाखातल्या प्रवासाचा तोडगाही असाच. इंजिनाला लागून असलेला पेट्रोल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ओढत राहतो आणि गाडी भर रस्त्यात थांबते. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके गुंडाळायचे. फडक्यातले पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. आमच्या डिकीत स्टेपनीशेजारी पाण्याचा डबा आणि जुन्या धोतराचा तुकडा कायम असे.

इंजिन बदलले

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि डिझेल त्यामानाने खूपच स्वस्त राहिले. तेव्हा गावोगावच्या गॅरेजांत पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवण्याचा उद्योग सुरू झाला. १९८६ मध्ये आमच्या अँबॅसेडरमध्ये मॅटाडोरचे जुने इंजिन बसले. चोपडीत याची तीन पाने आहेत, आणि मजुरीचा रकाना इथे प्रथमच भरलेला आहे, कारण वेल्डिंग आणि लेथ घरी नव्हते.

हे काम म्हणजे एक काढून दुसरे ठेवणे नव्हे. नव्या इंजिनाची भोके जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांसमोर येत नाहीत, म्हणून मध्ये लोखंडी प्लेट कातून घालावी लागते. ती केसभर वाकडी बसली तरी क्लच आणि बेअरिंग टिकत नाहीत. डिझेल इंजिन चावी फिरवून बंद होत नाही, त्याचे तेल तोडावे लागते. त्यासाठी डॅशबोर्डखालून एक केबल ओढून घेतली. जीपमध्ये हेच केले की पुढचे पाटे बसत, म्हणून एक पाटा वाढवत. आमच्या गाडीचेही नाक खाली आले, ते पुढचे सस्पेन्शन आवळून वर उचलले.

ब्रेक मात्र होते तेच राहिले.

१९८८ च्या उन्हाळ्यात अहमदपूरकडून येताना एका लांब उतारावर वडिलांनी ब्रेक दाबला, पण जड झालेली गाडी वेळेत थांबली नाही. पुढे चाललेल्या बैलगाडीला ती मागून धडकली. बैल वाचले, गाडीवानाचा पाय मोडला. चोपडीत त्या तारखेला दवाखान्याचा खर्च 'मोटार खाते' नावे टाकलेला आहे, आणि पुढचे चार महिने दर महिन्याला एक रक्कम, त्या गाडीवानाच्या घरी पोचवलेली. त्याखाली ब्रेकचे सामान.

हा प्रसंग लिहायचा की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. पण तो गाळला तर हा हिशेब खोटा ठरेल. ग्रामीण कौशल्याचे गोडवे गाताना गाडीवानाचा पाय विसरला जातो. पुढे काळी-पिवळी जीपगाड्यांत वाढीव बाक टाकून माणसे कोंबली गेली, १९९० च्या दशकात मोटारीच्या डिकीत स्वयंपाकाचे सिलिंडर बसले. त्या फेरफारांची जोखीम ते करणाऱ्याने उचलली नाही, शेजारी बसलेल्याने उचलली.

तीन कायदे

मराठवाड्यात 'फेरफार' हा शब्द तलाठ्याच्या चावडीवर रोज ऐकू येतो. जमिनीत बदल झाला की तलाठ्याला कळवायचे आणि नोंद घालायची. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याची दृष्टी जवळपास हीच होती. विलीनीकरणानंतर तो इथेही लागू झाला. गाडीत बदल केलात आणि नोंदणीपुस्तकातला तपशील जुळेनासा झाला, तर ठरावीक मुदतीत कळवा, असे तो सांगे. आमच्या गाडीच्या पुस्तकावर नव्या इंजिनाचा क्रमांक शिक्क्यानिशी चढला, तो याच व्यवस्थेत.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ५२ व्या कलमाने कळवणे पुरेसे ठरवले नाही. आधी मंजुरी घ्या, असे म्हटले. मात्र फिटिंग वाढवल्या-काढल्याने वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडला, तर मंजुरीची गरज नव्हती. २००० च्या दुरुस्तीने हे कलमच पालटले. उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करूच नये, असा नियम झाला. गॅस वा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची वाट तेवढी मोकळी राहिली. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ पक्का केला.

कळवा, विचारा, करू नका. साठ वर्षांत मालकाकडून अधिकार सरकारकडे गेला आणि तिथून उत्पादकाच्या कागदावर स्थिरावला. गाडीवानाची आठवण असल्यामुळे या प्रवासाविरुद्ध मला फार तक्रार करता येत नाही.

पण त्यात आणखी काही हरवले, आणि ते कायद्याने मागितलेले नव्हते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली. हवेच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. इंधनाचे माप आता संगणक ठरवतो, आणि बिघाड कळायला यंत्र जोडून संकेत वाचावा लागतो. ते यंत्र, त्याची आज्ञावली, दुरुस्तीची पुस्तिका या गोष्टी कंपनी आणि तिचे केंद्र यांच्यापाशी राहतात. फेरफार बंद करणे हे कायद्याचे काम होते. दुरुस्तीही त्याच्यासोबत निघून गेली. जे वडिलांनी एकाच सदरात लिहिले, ते दोन्ही एकाच फटक्यात गेले.

हा तिढा फक्त लोह्याचा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः घडवली, १९७५ पर्यंत तिचे नमुने सुधारत नेले. कारखान्यातून ती कधी बाहेर पडली नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे देशभर कौतुक झाले. ती नियमांत बसत नाही हे ओळखून आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या दारात आली. दोन्हीकडून हा व्यवहार सचोटीचाच होता. तरी घरी बनवलेली गाडी ठेवण्याची जागा रस्ता नसून संग्रह आहे, हे त्याने सांगून टाकले.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, आणि २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे त्यात आहेत. शेतीची अवजारे आणि मोटारी एका यादीत पाहून मला विहिरीवरचे इंजिन आठवले. माहिती खुली करणे ही या विचाराची मुख्य मागणी, आणि ती रास्त आहे. पुस्तिका, सुटा भाग आणि बिघाड वाचण्याचे साधन मालकाला मिळाले, म्हणून रस्त्यावरच्या कुणाचा पाय मोडत नाही. ब्रेक न बदलता इंजिन बदलले तर मोडतो. ही रेघ ओढणे अवघड नाही. ती अजून नीट ओढली गेलेली नाही, एवढेच.

माझ्या आजच्या गाडीची बिले मी एका फाइलीत ठेवतो. त्यांत मजुरीची रक्कम सामानापेक्षा मोठी असते, आणि नेमके काय केले ते वाचून कळत नाही. चोपडीत मात्र १९८८ च्या पानावर सगळे कळते : दवाखाना, गाडीवानाला चार महिने, ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडर. मजुरीचा रकाना रिकामा. ते ब्रेक वडिलांनी स्वतःच बसवले होते.