किनाऱ्यावरील गोड्या पाण्याचे झरे

ओहोटीच्या वेळी पुळणीतून किंवा खडकांच्या फटींतून वर येणारे गोडे भूजल. समुद्राचेच पाणी वाळूतून गाळून गोडे होते, हा समज टिकत नाही; वाळू गाळ अडवते, विरघळलेले मीठ नव्हे. हे पाणी जमिनीत मुरलेल्या पावसाचे असते. मग खारे पाणी त्याला गिळत का नाही? ते सुमारे अडीच टक्के जड असल्याने खाली राहते. गायबेन-हर्झबर्ग नियमानुसार समुद्रसपाटीवर १ मीटर गोडे पाणी असल्यास सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत ते टिकते. सीमेवर मिश्रण होते, म्हणून काही झरे मचूळ लागतात.

जेथे पाऊसच नगण्य, तेथील झऱ्यांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. बहारीनचे उत्तर विलक्षण आहे : तेथील पाणी अरबस्तानच्या मुख्य भूमीवर पूर्वी मुरलेले, चुनखडकांतून समुद्राखालून आलेले. मोती काढणारे पाणबुडे समुद्रतळावरील झऱ्यांचे पाणी कातडी पिशव्यांत भरून आणत. विसाव्या शतकात भूजलाचा बेसुमार उपसा झाला आणि बहुतेक झरे आटले. ते समुद्राचे गाळलेले पाणी असते, तर विहिरींच्या उपशाने आटले नसते. रिकाम्या झालेल्या खडकांत आता खारे पाणी शिरले आहे.