पाणी आणि पानी

पुण्याच्या शिष्ट मंडळीत ‘पानी’ म्हणणारा मनुष्य खेडवळ ठरतो. दिल्लीत न्याय नेमका उलटा आहे. तेथे ‘पानी’ हा उच्चार शिष्टांचा, आणि रोहतक-झज्जरकडून आलेल्या हरियाणवी माणसाच्या तोंडचे ‘पाणी’ गावंढळ! मूळ संस्कृत ‘पानीय’ शब्दात न आहे, प्राकृतात त्याचा ण झाला. तेव्हा शुद्धाशुद्धतेचा हा निवाडा व्युत्पत्तीने होत नाही, हे उघड आहे. मग तो कशाने होतो?

मराठीपुरते उत्तर इतिहासात सापडते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला. पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, मुजुमदाराचा ‘अमात्य’. हा केवळ शब्दांचा हौशी पालट नव्हता. नवी सत्ता आपली ओळख भाषेतून जाहीर करीत होती. परंतु १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले आणि मराठ्यांची वकिली तेथे हिंगणे घराण्याकडे आली. बादशाही दरबारात फारसीस मान होता. साहजिकच दिल्लीहून पुण्यास जाणाऱ्या मराठी पत्रांत फारसी शब्द विपुल आले. त्यामुळे त्या वकिलांच्या मराठीपणास उणेपणा आला नाही. कोशाने बाजूस सारलेला ‘पेशवा’ हाच शब्द तर राज्याच्या कर्त्या पुरुषाचे बिरुद होऊन बसला.

१८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईनंतर दिल्ली आणि १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे मोल्सवर्थचा कोश (१८३१) आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) प्रसिद्ध झाले. शाळा व छापखाने यांच्याद्वारे पुण्याकडील सुशिक्षित ब्राह्मणवर्गाची बोली हळूहळू प्रमाण ठरली. कोकणापासून वऱ्हाडापर्यंत एकच पुस्तक वाचले जावे, यासाठी अशा प्रमाणाची गरज होती, हे मान्य केलेच पाहिजे. दोष पुढे घडला. लेखनाची सोय ही माणसाची पारख झाली, आणि वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाची बुद्धीच हिणकस मानली जाऊ लागली.

१९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली, तेव्हा या पारखीचा फोलपणा दिसून आला. ज्या खानदेशी बोलीस अडाण्यांची भाषा म्हणत, तिच्यातच एका निरक्षर शेतकरी स्त्रीने अस्सल काव्य रचले होते. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्यसंमेलन भरले. तेथील अध्यक्षपद संस्कृत विद्येच्या पंडिताकडे होते. २०२५ मध्ये दिल्लीतच भरलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनाच्या अध्यक्षस्थानी लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर होत्या. या दोन निवडींवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तथापि ओवी आणि जात्यावरचे गाणे यांच्या अभ्यासास मिळालेला हा मान दुर्लक्षिण्याजोगा नाही.

संमेलनातील मान वर्गापर्यंत पोचला पाहिजे. ज्या मुलाचा उच्चार आज पुण्यात हसण्यावारी नेला जातो, तोच उच्चार दिल्लीत शिष्ट मानला जातो, एवढे जरी शिक्षकाने ध्यानी घेतले, तरी तो मुलाची भाषा सुधारण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेईल.