रामघाटावरचं उसनं पाणी

उज्जैनचा क्षिप्रेकाठचा रामघाट मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी इथे ठाणं मांडलं आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं. नाशिकचे साधू इथे सिंहस्थासाठी येऊ लागले तेही राणोजींच्या आमंत्रणावरून, असं सांगतात.

१८१० मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली. सिंहस्थ मात्र दर बारा वर्षांनी भरतच राहिला.

आटली ती क्षिप्रा. पावसाळा सरला की तिची धार क्षीण होते आणि त्रिवेणीपाशी इंदूरचं सांडपाणी घेऊन आलेली खान नदी तिला मिळते. हा संगम घाटाच्या वरच्या अंगाला. म्हणजे भाविक ओंजळीत काय घेतो, हे बरंचसं इंदूरच्या गटारांवर ठरतं! यावर तोड म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेत सोडण्यात आलं. २०१६ च्या सिंहस्थाआधी खानचं पाणी नळातून घाटांना वळसा घालून पुढे नेलं.

पण नुसता वळसा घालून पाण्याचं दुखणं टळत नाही; मालवणचंच पाहा. तिथल्या समुद्रातल्या प्रवाळांना १९८७ पासून अभयारण्याचं कवच आहे. तरी गढूळ पाणी आणि तापलेला समुद्र कुठलीच हद्द मानत नाहीत. क्षिप्रेचंही दुखणं असंच उगमाकडून येतं. पंप पाणी आणतात, झरे आणत नाहीत. २०२८ च्या सिंहस्थासाठी खान वळवण्याचं नवं, मोठं काम हाती घेतलं आहे.